सिदूचा पाय आणि माझी चेअरमनकी

८ एप्रिल २०१६, शुक्रवार, गुढीपाडवा

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढंमागं कोणी चरित्र लिहायला बसलं तर त्याची अडचण नको.

संकल्प: तंबाखू बंद. कोणावर ओरडायचं नाही. गावच्या सेवा सोसायटीचा चेअरमन व्हायचं.

तिसरा जवळजवळ झाल्यातच जमा आहे. तेरा संचालक. सात माझे (माझ्यासकट), सहा त्रिंबकचे. त्रिंबक माझा सख्खा चुलतभाऊ, म्हणून त्याच्याविषयी वाईट लिहीत नाही. चोर आहे.

निवड सोमवारी, १८ तारखेला, सकाळी अकराला. हात वर करून मतदान. एरवी सोसायटीच्या चेअरमनला कुत्रं विचारत नाही, पण यंदा गावची चारा छावणी सोसायटीच्या ताब्यात आहे. अकराशे जनावरं. ज्याच्या हातात छावणी त्याच्यापुढं अख्खी पंचक्रोशी हात जोडून उभी. दुष्काळ वाईटच, त्याबद्दल मला लई दुःख आहे. पण चेअरमन व्हायला असं साल पुन्हा मिळायचं नाही.

सातवं मत सिदूचं. भटक्या-विमुक्तांच्या राखीव जागेवर आलेला. साठ मेंढरं राखतो. सही येत नाही, पण शब्दाला पक्का. त्याला मी शब्द दिलाय, चेअरमन झालो की पहिल्या दिवशी तुझी मेंढरं छावणीत. शासनाच्या नियमात छावणी फक्त गायी-म्हशी-बैलांना आहे, मेंढी बसत नाही. ही बारीकशी गोष्ट सांगून ऐन पाडव्याला गरिबाचा विरस केला नाही.

उद्या सहलीला निघायचं. निवडीच्या आधी आपली माणसं गावात ठेवायची नसतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मत गावात राहिलं की नासतं. महाबळेश्वर ठरवलंय. थंड हवेत टिकेल.

९ एप्रिल, सकाळी ६

निघालो. गाडी माझीच, स्कॉर्पिओ, तिसऱ्या हाताची पण टापटीप. ड्रायव्हर घेतला नाही. ड्रायव्हर फुटतो.

सगळ्यांचे मोबाईल गोळा करून माझ्या पिशवीत टाकले. पंडित कुरकुरला. शाळेपासूनचा दोस्त. त्याला म्हणलं, बे, भरवसा तुझ्यावर हाय, तुझ्या मोबाईलवर न्हाई. भिवराबाई महिला राखीव, साठीची म्हातारी. तिच्या जागी पोरगाच येणार होता. तर म्हणली, मत माझं हाय तर सहल बी माझीच, आन् पातळाचा घोळ आवरत मधल्या सीटवर चढून बसली. बाकीचे तिघं आमच्या भावकीतले. चहा पाजला तरी आपले.

सिदूला पुढं माझ्या शेजारी बसवलं. सातवं मत हाताजवळ पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसलाय म्हणे. काचेला हात लावून बघत होता. त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, भाकरी बांधून दिल्यात.

नारळ फोडला. नासका निघाला. दुसरा फोडला.

९ एप्रिल, सकाळी ८. नेकनूरच्या पुढं, रस्त्याच्या कडेला.

गाडी ठोकली.

खरं तर ठोकली नाही, ठोकली गेली. कारण लिहून ठेवतो, पुढं कोर्टकचेरी झाली तर कामाला येईल. सकाळपासून तीनदा माणसं मोजली होती. नेकनूर सोडल्यावर चौथ्यांदा मोजायला मागं वळलो. सहाच भरले. पुन्हा मोजले. सहाच. म्हणलं चहाच्या टपरीवर एक फुटला. पंडित बोंबलला, अण्णा पुढं बघा. तेवढ्यात लक्षात आलं की स्वतःला धरलंच नव्हतं. जीव भांड्यात पडला. आन् गाडी टँकरमध्ये.

पाण्याचा टँकर, वळणावर उभा केलेला. मी प्रसंगावधान राखून गाडी उजवीकडं ओढली, त्यामुळं माझी बाजू सुखरूप. डावी बाजू आत गेली. डाव्या बाजूला सिदू.

टँकरचा मागचा नळ तुटला आन् पाणी रस्त्यावर. पाच मिनिटांत शंभरभर माणूस पळत आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, म्हणलं माणुसकी अजून जिवंत आहे. जवळ आले तर हंडे, कळशा, घागरी, एकाकडं तर तेलाचा रिकामा डबा. कोणी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. सिदू दारातून अर्धा बाहेर लोंबत होता आन् बाया त्याला ओलांडून हंडे लावीत होत्या. एक बाई त्याला म्हणली, दादा, पाय जरा आवरता का. त्याला आवरता येत नव्हता. गुडघ्याखाली पाय भलतीकडंच तोंड करून होता.

गाडीच्या खणात विमा कंपनीची पुस्तिका सापडली. 'अपघातानंतर काय कराल?' माणसानं अशा वेळी नियमानं चालावं. पहिला नियम, घाबरू नये. मी घाबरलो नव्हतो, फक्त बसलो होतो. दुसरा, वाहन जागेवरून हलवू नये. हलत नव्हतंच. पाळला. तिसरा, पोलिसांना कळवावे. टँकरवाला येऊन पायाच पडला, साहेब, पोलिस नका बोलवू. गावाचं पाणी तो ढाब्यावाल्याला देत होता. मलाही पोलिस नकोच होते. दोघांचं हित एकाच गोष्टीत असलं की त्यालाच सहकार म्हणतात. हे वाक्य चेअरमनकीच्या भाषणात घ्यायचं.

चौथा, जखमींना तातडीने रुग्णालयात न्यावे. बीड इथून अर्ध्या तासावर. पण दवाखाना म्हणजे केसपेपर, केसपेपर म्हणजे पोलिस, आन् पोलिस म्हणजे संध्याकाळच्या आत त्रिंबकला खबर. शिवाय एकदा भरती करून घेतला की पंधरा दिवस सोडत नाहीत. सोमवार हुकला तर सहा-सहा. मग चिठ्ठी. माझं नाव चिठ्ठीत कधीच निघत नाही.

तेव्हा चौथ्या नियमावर सविस्तर विचार करायचं ठरवलं.

९ एप्रिल, संध्याकाळी

मेहुण्याला फोन केला. तो ट्रॅक्टर घेऊन आला. कपिलधारच्या अलीकडं डोंगराच्या पोटाला त्याचा आखाडा आहे, शेतात दोन खोल्या, पुढं लिंब. सगळे तिथं आलो. हवा महाबळेश्वरसारखी नाही, पण खबर फुटायची नाही.

सिदूला बाजेवर टाकलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दर खड्ड्याला ओरडत होता. इतका मोठा गडी, मेंढरामागं रानोमाळ हिंडणारा, आन् एवढा नाजूक असेल असं वाटलं नव्हतं.

सहलीचं एकूण अंतर चाळीस किलोमीटर.

१० एप्रिल, रविवार

सिदूवर उपचार सुरू. हरिबा नावाचा माणूस आणला, जनावरांची हाडं बसवतो. बैल उभे केलेत त्यानं. छावणीचा चेअरमन होणाऱ्यानं जनावरांच्या वैद्यावर भरवसा दाखवायलाच पाहिजे. चौघांनी सिदूला दाबून धरलं, मी डोक्याशी उभा राहून धीर दिला. हरिबानं पाय ओढून बांबूच्या कामट्या बांधल्या. कातडं फुटून हाड दिसत होतं, त्यावर हळद.

जाताना हरिबा म्हणला, मालक, ह्ये माझं काम न्हाई, बैलाचं असतं तर गोळी घाला म्हनलो असतो, मानूस हाय म्हून सांगतो, आजच्या आज बीडला न्या. नम्र माणूस आहे. स्वतःच्या कलेचा गर्व नाही.

ओरडायचं थांबल्यावर सिदूनं एकच विचारलं, अण्णा, मेंढराकडं कोन बगतंय? म्हणलं, सगळी सोय केली आहे. म्हणजे आठ दिवसांत करणारच आहे.

११ एप्रिल

बाकीच्यांचं तोंड उतरलं. सहलीला माणूस खुशीत पाहिजे. नाखुश मत भरवशाचं नसतं. म्हणून सगळ्यांना घेऊन कपिलधारला दर्शन. धबधबा बंद. खडकावर पाणी पडायची काळी रेघ तेवढी आहे. रेघ बघितली. रेघेसमोर ग्रुप फोटो काढला. पंडित म्हणला, ह्येच का तुमचं महाबळेश्वर? दुर्लक्ष केलं.

भिवराबाई आली नाही. सिदूपाशी बसून राहिली.

संध्याकाळी कोंबडं कापलं. सगळ्यांनी दाबून खाल्लं. सिदूलाही रस्सा दिला, घेतला नाही. अन्नाचा मान ठेवावा माणसानं.

१२ एप्रिल

सिदूला ताप. पुस्तिकेत तापाबद्दल काही नाही.

दुपारी त्याचा फोन वाजला. बायडाबाई. पिशवीतले सगळे फोन बंद केले होते, हा एक राहिला. नाही उचलला तर संशय. मी उचलला. म्हणलं, वहिनी, सिदू पॉइंट बघायला गेलाय, इथं महाबळेश्वरला थंडी लई हाय, सिदू स्वेटर घालून हिंडतोय. ती हसायला लागली. म्हणली, स्वेटर? त्यास्नी? मग म्हणली, त्यास्नी सांगा, दोन कोकरं मेली, बाकीच्यास्नी पाणी न्हाई, पर त्ये काळजी करतील, ऱ्हाऊ द्या, न्हाई सांगितलं तरी चाललं. म्हणलं, नाही सांगत. दिलेला शब्द पाळला, सिदूला काही सांगितलं नाही.

मग तिनं विचारलं, तिथली स्ट्राबरी म्हंजी कसली आसती, बोरासारखी का? आणायचं कबूल केलं. मोसंबी नेली तर तिला काय फरक कळणार.

फोन बंद करून ठेवला.

१३ एप्रिल

पायाचा वास यायला लागला. भावकीतले तिघं बाजा उचलून लिंबाखाली झोपायला गेले. भिवराबाईनं मला हाताला धरून सिदूपाशी नेलं, फडकं बाजूला केलं आन् म्हणली, उत्तऱ्या, बघ. बोटं काळी पडलीत. खोलीत उजेड कमी आहे, कशाचाही रंग नीट कळत नाही. ती म्हणली, आजच बीडला न्हे, न्हाईतर ह्यो जाईल. म्हणलं, काकू, सोमवारी बारा वाजता, मत झालं की त्याच पायानं दवाखान्यात. म्हणली, कोनत्या पायानं?

म्हातारीची जीभ तिखट. उमेदवारी देतानाच विचार करायला पाहिजे होता.

निर्णय: सोमवारी, बारा वाजून पाच मिनिटांनी. उत्तम डॉक्टर, खाजगी, सगळा खर्च माझा. इतकं कोण करतं? त्रिंबक करील?

१४ एप्रिल

आज जयंती. बीडमध्ये मिरवणुका, रस्ते बंद. काल निघालो असतो तर आज गर्दीत अडकलो असतो. म्हणजे न नेण्यातच शहाणपण होतं. हे भिवराबाईला समजावून सांगितलं. तिनं तोंड फिरवलं.

मेहुणा म्हणतो, माणूस मेला तर आखाडा माझा हाय, नाव माझं येईल. स्वतःचं बघणारी माणसं.

छावणीत चेअरमनसाठी कुठं बसायची जागा करायची, याचा नकाशा काढला. वडाखाली टेबल, टेबलफॅन, मागं पाटी.

१५ एप्रिल, रामनवमी

भिवराबाई पळाली. सकाळी कोणाला न सांगता, काठी टेकीत, उन्हातनं, हमरस्त्याकडं. मेहुण्याच्या ट्रॅक्टरवर मागं गेलो. दोन किलोमीटरवर गाठली. एकटी बाई, बेचाळीस डिग्री ऊन, चक्कर येऊन पडली असती तर? मीच देवासारखा पोचलो. तिला उचलून ट्रॉलीत बसवली. रस्ताभर मला शिव्या. माझ्या आईच्या वयाची, म्हणून ऐकून घेतल्या. म्हणली, उन्हात चालत जाऊन मानूस आनावं आन् ह्याला न्यावं म्हनलं, तर तू माझं बी मत मोजत आलास.

पंडित, भावकीतले तिघं पत्ते खेळत होते. एकानं पत्ता टाकताना म्हणलं, अण्णा म्हणतेत तसं. माणसं लाखमोलाची.

पंडितनं मात्र आज कोंबडं खाल्लं नाही. पोट बिघडलं असणार.

१६ एप्रिल

सिदू बरळतोय. मेंढरांना हाका मारतो. प्रत्येकीला नाव आहे. नुसतं रात्रीच नाही, दिवसाही.

आज त्याची तालीम घेतली. मत हातानं द्यायचं असतं, पायानं नाही. हात दोन्ही ठणठणीत आहेत, हे मी स्वतः तपासलं. बाजेशेजारी बसलो आन् सांगितलं, सिदू, साहेब माझं नाव घेतील, उत्तरेश्वर, की तू हात वर करायचा. म्हणलं, उत्तरेश्वर. बघत राहिला. पुन्हा म्हणलं. डोळे मिटले. असं दहा-बारा वेळा. शेवटी हात वर झाला. थरथरत होता, पण वर. त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. गुरुशिष्याचं नातं म्हणतात ते हेच.

भिवराबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की सांगता येत नाही. मत्सर असावा.

१७ एप्रिल, रविवार

गावात फोन करून त्रिंबकच्या हालचाली विचारल्या. म्हणे काहीच करीत नाही. छावणीत जाऊन पेंढ्या उतरवू लागतो आन् घरी येऊन झोपतो. सहा माणसं गावातच मोकळी सोडलीत. इतका शांत माणूस म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

उद्याचं नियोजन पक्कं. सकाळी सातला ट्रॅक्टर. ट्रॉलीत गवत, गवतावर सिदूची बाज, वर ताडपत्री. पावणेअकराला सोसायटीच्या दारात. मत. फुलं. गुलाल. मिरवणूक आटोपशीर. मग सिदू.

मिरवणूक आटोपशीर ठेवायचा निर्णय फक्त सिदूसाठी घेतला. हे कोणाला सांगणार नाही. माणसानं चांगुलपणाची जाहिरात करू नये.

१८ एप्रिल, सकाळी १०.५०

पोचलो. बाज हॉलमध्ये नेऊन भिंतीला लावली. निवड घ्यायला आलेले सहकार खात्याच्या ए.आर. ऑफिसचे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणले, हे काय? म्हणलं, किरकोळ अपघात, पण कर्तव्यापुढं त्याला पायाची पर्वा नाही. साहेब माझ्याकडं बघत राहिले. भारावले असावेत.

बायडाबाई दारात. कोणी बोलावलं कोण जाणे. शिपायानं अडवली, संचालकांशिवाय आत येता येत नाही. नियम म्हणजे नियम. ती ओरडत होती. लक्ष विचलित होऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

१८ एप्रिल, दुपारी

त्रिंबक अकरा. मी दोन.

जे झालं ते क्रमानं लिहितो. साहेबांनी आधी त्रिंबकचं नाव घेतलं. त्याच्या सहांचे हात वर. त्यानंतर पंडितचा. मला वाटलं डोकं खाजवतोय. मग भावकीतले तिघं, एकदमच. चहा, कोंबडी, दर्शन, सगळं पाण्यात. भिवराबाईनं तर दोन्ही हात वर केले. साहेब म्हणले, बाई, एकच चालतो. म्हणली, दुसरा उत्तऱ्याच्या नावानं बोंब मारायला हाय.

मग माझं नाव. मी हात वर केला. आन् भिंतीकडच्या बाजेवरनं हळूहळू एक हात वर आला. सिदू.

अकरा जणांनी त्याच्याकडं बघितलं. साहेबांनी लिहून घेतलं, दोन.

नऊ दिवस माझं खाऊन पंडित फितूर झाला. बाहेर त्याला गाठलं. विचारलं, कावून बे? म्हणला, अण्णा, नऊ दिवस त्याचं ओरडनं ऐकून बी मी पत्ते खेळत बसलो, घरी जाऊन बायकोला काय सांगू? ह्या हाताला आज तरी काम द्यावं म्हनलं. विकला गेलेला माणूस असंच बोलतो.

त्रिंबकनं हार घेतला नाही. सरळ येऊन बाजेचा एक कोपरा धरला, पंडितनं दुसरा, आन् सिदूला जीपमध्ये घालून आंबाजोगाईला घेऊन गेले. बायडाबाई जीपच्या मागच्या फळीवर बसून गेली. निव्वळ स्टंट. बारा वाजून पाच मिनिटांनी मी नेणारच होतो. त्यांनी साडेअकरालाच नेला. पस्तीस मिनिटांसाठी माझं श्रेय घेतलं.

हॉल रिकामा. साहेब सह्या घेत होते. मला म्हणले, तुम्ही नका घाई करू, बसा. बसलो.

आज गावात मला कोणी ओळखत नाही. पण सिदूनं राखलं. अडाणी, मेंढरामागं फिरणारा, पण शब्दाचा पक्का. तेरा जणांत एकटा माणूस निघाला.

२१ एप्रिल

सकाळी अंघोळ करून आंबाजोगाईला, एस.टी.नं. डझनभर केळी घेतली. सिदूला भेटणं हे माझं कर्तव्य. त्याच्याशिवाय मला आता आहे कोण?

पाय काढलाय. मांडीपासून. डॉक्टर म्हणे म्हणाले, पैल्या दिवशी आणला असता तर पाय ऱ्हायला असता. नंतर शहाणपण सांगायला काय जातं. त्यांना निवडणुकीतलं काय कळतंय.

पोलिस जबाब घेऊन गेले म्हणे. भिवराबाईनं सगळं तारीखवार सांगितलंय. म्हातारीची स्मरणशक्ती चांगली.

बायडाबाई शिव्या देईल म्हणून मनाची तयारी करून गेलतो. एकदा ओरडून घेतलं की माणूस मोकळं होतं. ती ओरडली नाही. पिशवीतली केळी बघितली आन् म्हणली, अण्णा, मेंढरं इकायला काढली, निम्मी मेलीच. एका पायानं मानूस मेंढरामागं कसा चालतो तेवढं सांगून जावा. म्हणलं, सरकारी योजना बघतो.

सिदू शुद्धीवर होता. कापसासारखा पांढरा. मी त्याचा हात हातात घेतला. तोच हात. बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो. म्हणलं, सिदू, सगळ्यांनी दगा दिला, पण भरसभेत तू माझ्यासाठी हात वर केलास. मरेपर्यंत विसरणार नाही. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे, तोपर्यंत तुझी काळजी मी घेईन.

माझे डोळे भरले होते. आजूबाजूचे पेशंट बघत होते.

सिदूला आठवतच नव्हतं. मग आठवलं. म्हणला, मत? कसलं मत, अण्णा? तहान लागलती. तितं लई मानसं दिसली, म्हून हात केला. पानी मागत व्हतो. कोनीच दिलं न्हाई.

केळी तिथंच ठेवून आलो. परतीच्या एस.टी.त जागा मिळाली नाही, केजपर्यंत उभा.

घरी येऊन बराच विचार केला. सिदू अजून पूर्ण शुद्धीवर नाही, औषधांचा अंमल आहे, त्याचं बोलणं कायद्यानं धरता येत नाही. प्रोसिडिंग बुकात साहेबांनी स्वतः, सही-शिक्क्यानिशी, दोन मतं लिहिली आहेत. मी दोनच धरतो.